फडक्याचं यकृत

डोळे मिटा आणि एक लाँड्री डोळ्यांसमोर आणा. छे, डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघडेच ठेवा, या गोष्टीत ते लागणारच आहेत.

तर ही लाँड्री. डाव्या हाताला धुलाई: मोठाले टब, फेस आणि कोपरापर्यंत भिजलेले लोक. उजव्या हाताला इस्त्री: लांब टेबलं आणि हात खडखडीत कोरडे ठेवणारे लोक, कारण पांढऱ्या शर्टावर ओल्या बोटाचा डाग पडला की मालकीणबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. मधे दोऱ्यांवर चादरी वाळत घातलेल्या.

आज काम बंद होतं आणि गर्दी मात्र दारापर्यंत. शोधमहाराज आले होते. त्यांच्याजवळ एक काळी पेटी होती आणि लांब वायरींना जोडलेल्या दोन पितळी नळ्या. नळ्या दोन हातांत धरायच्या. पेटी केकाटली तर आजार. गप्प राहिली तर माणूस निर्मळ.

"कॉम्प्युटरचा व्हायरस आणि माणसाचा व्हायरस हे सख्खे भाऊ," महाराज सांगत होते. "प्रयोगशाळेतली यंत्रं नुसती बघतात. माझी पेटी जाणते."

मालकीणबाईंच्या बिलांच्या कॉम्प्युटरवर सारख्या आपोआप जुगाराच्या जाहिराती उघडत होत्या. कॉम्प्युटरला हात नसल्यामुळे त्याच्या वतीने इस्त्रीवाल्या काकांनी नळ्या धरल्या. पेटी गप्प. कॉम्प्युटर निर्मळ ठरला आणि त्याच क्षणी त्याच्यावर आणखी एक जाहिरात उघडली.

"जाता जाता निघालेला मळ आहे तो," महाराज म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

मग धुलाईवाल्यांची रांग लागली. पहिल्याने नळ्या धरल्या, पेटी केकाटली: यकृत. दुसऱ्याच्या वेळी केकाटली: गुडघे. तिसऱ्याच्या वेळी तर अशी केकाटली की महाराजांनी त्याच्या खिशातल्या मोबाईललाही आजारी ठरवलं. उपाय तयारच होता. सुगंधी, पांढरं शुद्धिचूर्ण तळहातांवर खसाखसा चोळायचं आणि पुन्हा नळ्या धरायच्या. पेटी चिडीचूप. टाळ्या. चूर्णाच्या डब्या भराभर खपत होत्या.

इस्त्रीच्या टेबलाखाली पाय हलवत बसली होती भुंगा. खरं नाव वेगळं, पण प्रश्न विचारून डोकं पोखरते म्हणून सगळे तिला भुंगाच म्हणत. तिची आत्या इथे इस्त्री करायची. आत्याला कित्येक आठवडे खोकला होता, संध्याकाळी कणकण यायची, आणि उद्या सकाळी दवाखान्यात थुंकीची तपासणी होती. आत्या त्या तपासणीला मनातून घाबरत होती.

आत्याचा नंबर आला. तिने नळ्या धरल्या, खो खो खोकली, आणि पेटी गप्प.

"निर्मळ," महाराज म्हणाले. "छाती सोन्यासारखी."

आत्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस ना गं? सुटले. आता उद्या जायला नको."

"पण आत्या, तू आत्ताच खोकलीस."

"सवयीचा खोकला आहे तो."

भुंगाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. डावीकडचे सगळे आजारी, उजवीकडचे सगळे ठणठणीत. आता आजार काय टब बघून अंगात शिरतो? मग तिने सगळ्यांचे हात बघितले आणि तिला एकदम हसू फुटलं.

"महाराज," ती म्हणाली, "माझी एक मैत्रीण राहिली. फार लाजाळू आहे. चादरीमागून नळ्या धरेल. चालेल?"

"पेटीला पडद्याचं काय?" महाराज हसले.

भुंगा नळ्या घेऊन चादरीमागे गेली. मग पेटी अशी केकाटली की मालकीणबाईंनी कानावर हात ठेवले.

"अरेरे," महाराजांनी डोळे मिटले. "यकृत पार खराब. रात्री झोप नाही. मन चंचल, कुणाशी पटत नाही."

"आणि मोबाईल?" चादरीमागून प्रश्न आला.

"मोबाईलमधे तर व्हायरसचं घरटं."

भुंगाने चादर बाजूला सारली. बादलीच्या काठावर फरशी पुसायचं ओलं फडकं होतं, आणि दोन्ही नळ्या त्याच्या घडीत खोचलेल्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी लाँड्री हसली.

"फडक्यात जंतू असणारच," महाराज घाईने म्हणाले.

"असतील की," भुंगा म्हणाली. "पण यकृत कुठंय?"

आता मालकीणबाईंना टबाचा आधार घ्यावा लागला, इतक्या त्या हसत होत्या. आत्या मात्र हसत नव्हती. तिने फडकं उचललं, घट्ट पिळलं, आपल्या टेबलावर नेलं आणि त्याच्यावर इस्त्री फिरवली, चांगलं कडकडीत कोरडं होईपर्यंत. मग नळ्या त्यात खोचल्या. पेटी गप्प.

"बरं झालं बिचारं," इस्त्रीवाले काका म्हणाले.

आत्याने स्वतःचे हात टबात बुडवले आणि ओल्या हातांनी नळ्या पकडल्या. पेटी केकाटली. तिने हात पुसून चूर्ण चोळलं. पेटी गप्प. तिला खोकला आला, तरी पेटी गप्पच.

लक्षात आलं ना मुलांनो? पेटीत होता एक सेल आणि एक भोंगा. ओल्या हातांतून वीज सहज जाते, कोरड्या हातांतून जेमतेम. चूर्ण म्हणजे ओल टिपणारी पावडर. पेटी फक्त ओल ओळखत होती. बाकी सगळं महाराजांची जीभ ओळखत होती. (घरातल्या विजेशी मात्र असला खेळ करायचा नाही.) महाराज पेटी काखेत मारून कधी सटकले ते कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या दवाखान्यात गेली, सोबत भुंगा. तपासणीत आजार सापडला. औषधं नेमाने घेतली तर बरा होणारा.

"तुमचं यंत्र कधी चुकतं का?" भुंगाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "चुकतं. कधी आजार असून दिसत नाही, कधी नसून दिसतो. म्हणून शंका वाटली की आम्ही पुन्हा तपासतो. व्हायरस शोधणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांचंही तसंच. व्हायरस रोज रूप बदलतात, म्हणून ते आता चेहऱ्याबरोबर त्यांची वागणूकही बघतात. तरी एखादा निसटतो."

आपण कुठे चुकतो हे जो स्वतःहून सांगतो, त्याच्याकडे जावं. जो कधीच चुकत नाही म्हणतो, त्याला आधी एक ओलं फडकं तपासायला द्यावं.

आत्याने भुंगाचा हात धरला. "चल, औषधं घेऊ."

"थांब गं," भुंगा म्हणाली आणि दप्तराची चेन उघडू लागली. "डॉक्टर, आजार नसलेली एखादी गोष्ट तुम्ही यंत्राला मुद्दाम देऊन बघता का?"

"रोज. कामाला लागायच्या आधी."

भुंगाने क्षणभर विचार केला, आणि दप्तरातून अर्धवट बाहेर आलेलं लाँड्रीतलं फडकं पुन्हा आत ढकललं.