वाकडा रिव्हेट

मी एक जुनं लढाऊ विमान आहे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून राहून माझी चाकं जमिनीत रुतली आहेत. हसू नका, मित्रांनो! माझेही आभाळाचे दिवस होते.

माझा जन्म १९६२चा, बंगळूरचा. मी नॅट जातीचं, अंगानं चिमुकलं, पण मिरचीसारखं तिखट! पासष्टच्या युद्धात शेपटीजवळ गोळी लागली. तेव्हा मेकॅनिक भीमराजनं पत्र्याचं ठिगळ मारलं. घाईत पत्रा जोडणारा एक रिव्हेट वाकडा बसला. "ऱ्हाऊ दे, ही आपली खूण," तो म्हणाला. मग दर उड्डाणाआधी तो त्यावर अंगठा दाबायचा. पुढं तो नोकरी सोडून गावी गेला.

ऐंशी साली मला निवृत्त करून, इंजिन काढून इथं आणलं. पोट रिकामं झालं. खंडेनवमीला कारखान्यात सगळी यंत्रं रंगवतात. पेंटर जयसिंगनं हौसेनं मलाही चंदेरी रंग फासला. माझा नंबर, ठिगळ, सगळं झाकलं गेलं.

आणि दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्या शिफ्टच्या गर्दीत कोण दिसावं? भीमराज! केस पिकलेले, हातात डबा. तो इथंच नुकताच फिटर म्हणून लागला होता. रोज माझ्याकडे बघायचा आणि पुढे जायचा. नॅट सगळी सारखीच दिसतात, त्यात भोवती साखळी, जवळ येणार कसं? अरे, मी आहे मी! पण ओरडणार कसं?

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली, पूजेसाठी साखळी काढली. जयसिंग म्हणाला, "भीमराजभाऊ, विमानाला हार घाला की!"

"हार तुमी घाला, राव. आमी आपलं पुसतो. मशीन पुसलं की आमची पूजा झाली."

फडकं घेऊन तो नाकापासून पुसत शेपटीशी आला. रंगाखाली काहीतरी अंगठ्याला लागलं. हात थांबला.

"आरं, तूच हाईस व्हय रं? अन् मी रोज आंधळ्यावानी तुझ्यासमोरनं जातोय!" भीमराज ढसाढसा रडला. मला तर वाटलं, आत्ता उडेन!

त्यानंतर तो रोज शिफ्टआधी अंगठा दाबून जायचा. गेल्या वर्षी तो रिटायर झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना रंग द्या, हार घाला, माझी ना नाही. पण कधीतरी जवळ येऊन हातही लावा. जयसिंग अजून दर वर्षी मला रंगवतो, फक्त अंगठ्याएवढी जागा कोरी सोडतो. सकाळी भोंगा झाला की तेवढ्याच जागी मला थंडी वाजते.