नव्या शतकाचा टेम्पो

"आजोबा, पटकन सांगा. दशक शून्यापासून धरायचं की एकापासून?"

आर्याने लॅपटॉप थेट नरहरींच्या चहाच्या कपापुढे आणून ठेवला. जुने फोटो दशकवार लावून देणारं ॲप तिच्या कंपनीत बनत होतं, आणि चाचणीला तिने घरचेच फोटो घातले होते. "ऑफिसात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, लोक बोलतात तसं, नव्वद ते नव्याण्णव. अर्धे म्हणतात, सन शून्य नव्हतंच, म्हणून एक्क्याण्णव ते दोन हजार. मी म्हटलं, थांबा, आमच्या घरी सुप्रीम कोर्ट आहे."

कोर्टच ते! नरहरींनी तीस वर्षं वसईत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या. तारखेत एका दिवसाची चूक दिसली तरी माणसाला भर उन्हातून परत पाठवत. बरं, कचेरीतलं शहाणपण कचेरीत ठेवावं ना! ते त्यांना कधी जमलं नाही.

नव्याण्णव साल सरत आलं तेव्हा वाडीतल्या बायकांनी टेम्पो ठरवला होता. एक जानेवारीला नव्या शतकाचं स्वागत करायला कळंबच्या किनाऱ्यावर जायचं. त्या दिवशी त्यांच्या बायकोने, रुक्मिणीने, सकाळीच शेंगा-कंदांची उकडहंडी लावली, ठेवणीतली साडी काढली. आणि नरहरी ओटीवरून म्हणाले, "कसलं नवं शतक? ते पुढच्या वर्षी लागतं. जगाला अक्कल नाही म्हणून तूपण निघालीस?"

"अहो, सगळ्या चालल्यात. समुद्र काय गणित विचारणारेय?"

"पुढच्या वर्षी मी स्वतः नेतो. खऱ्या शतकाला."

रुक्मिणी हसली. उकडहंडीचं मडकं तिने शेजारच्या जिजाच्या हाती टेम्पोत दिलं आणि साडी पुन्हा कपाटात ठेवली. त्या दोन हजार सालीच गणपती गेले, आणि पाठोपाठ तीही गेली. साधा ताप म्हणता म्हणता डोक्यात चढला. मग खरं शतक लागलं, ती एक जानेवारी नरहरींनी केळींना पाणी लावत काढली. काय चाटायचं होतं त्या अचूक गणिताला?

"आजोबा? एकापासूनच ना? मी तसंच लावलंय."

पडद्यावर बोरन्हाणाचा फोटो होता. रुक्मिणीच्या मांडीवर हलव्याचे दागिने घातलेली आठ महिन्यांची आर्या. जानेवारी दोन हजार. एक्क्याण्णव ते दोन हजारच्या रांगेत अगदी शेवटी, टोकाला.

"शून्यापासून धर."

"अय्या! तुम्ही म्हणताय हे? आणि ते सन शून्य नव्हतं वगैरे?"

"नव्हतंच. गणित माझं बरोबरच आहे गं." नरहरींनी फोटोतल्या रुक्मिणीवर बोट ठेवलं. "पण तिला जाऊ दे पुढे. त्या दिवशी मीच अडवलं. फार चुकलं माझं."

आर्याला अर्धंच कळलं, पण तिने आकडा बदलला. तो फोटो जुन्या रांगेतून निघाला आणि नव्या रांगेत सगळ्यात पहिला जाऊन बसला.

"पोचली एकदाची," नरहरी पुटपुटले.

मग चष्मा पुसून त्यांनी ती रांग शेवटपर्यंत पाहिली. आर्याचं बालवाडीचं दप्तर, विहिरीवर बसवलेला नवा पंप, कुणाची तरी मुंज, दोन हजार नऊपर्यंत सगळं. ते पुन्हा पहिल्या फोटोवर आले. त्या दशकात रुक्मिणी तेवढ्या एकाच ठिकाणी होती.