गच्चीवरून बुरुजावर

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, दुर्बिणीच्या तोंडून तुम्हाला ताऱ्यांच्या आणि जहाजांच्या गोष्टी हव्या असतील. माझी गोष्ट सांडपाण्याच्या नळाची आहे, आणि ती सांगताना मला आजही आनंदाच्या उकळ्या फुटतात.

एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगे हाताने घासली. पितळी नळी, तीन लाकडी पाय, असा माझा थाट! समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या गच्चीवर मला उभे केले आणि तिथे कामाला असलेल्या ताईंच्या हवाली केले. ताई रोज सकाळी मऊ फडक्याने माझी भिंगे पुसत. सुट्टीवर आलेली माणसे समुद्रात डुंबून वर येत. ताई त्यांना आधी खडकावरचे दीपगृह दाखवत, मग टेकडीवरचे तटबंदीचे जुने गाव. मुले "मी आधी, मी आधी" म्हणून भांडत. अकरा वर्षे असे कौतुकात गेली.

मग हॉटेलला नवा मालक आला. त्याला गच्चीवर जेवणाची टेबले मांडायची होती.

"हे धूड हलवा इथून," तो म्हणाला.

"साहेब, माणसं हिच्यासाठीच वर येतात," ताई म्हणाल्या.

"आता जेवायला येतील. आणि बाई, उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

एवढे बोलून त्याने मला पायाने ढकलले. मी जिन्यावरून गडगडत खाली गेले. माझा पाय मोडला, भिंगाच्या कडेला तडा गेला. पाहुणे हसले. ताईंनी मला उचलले आणि टेकडीवरच्या आपल्या घरी नेले.

दोन महिने मी त्यांच्या खाटेखाली दातओठ खात पडून होते. दुर्बिणीला दात नसतात, पण राग असतो.

शेवटी सुताराने माझा पाय सांधला आणि ताईंनी मला गावच्या बुरुजावर मांडले. पहिल्याच सकाळी त्यांनी मला हॉटेलकडे वळवले. गच्चीवरून हॉटेलची मागची बाजू कधी दिसलीच नव्हती. आता दिसली. खडकांआडून एक जाड नळ समुद्रात काळे पाणी ओतत होता, आणि हाकेच्या अंतरावर मुले पोहत होती.

"अगं बाई!" ताई तशाच उठल्या आणि मालकाला सांगायला खाली गेल्या.

मी मनात म्हणत होते, त्याने ऐकू नये. त्याने ऐकले नाही. उलट हसून त्यांना दारातूनच परत पाठवले. मला हायसे वाटले. पोहणारी मुले तेव्हा मला आठवलीच नाहीत, हेही कबूल करते.

त्या दिवसापासून गाव पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई सांगत, "डोळा लावा. आता थोडं डावीकडे."

एका आईने बघता बघता मुलीला जवळ ओढले. "आम्ही तर सकाळी तिथंच होतो! पोरीच्या अंगावर पुरळ आलंय, मला वाटलं उन्हानं आलं."

बातमी पाहुण्यांत वाऱ्यासारखी पसरली. सरकारी माणसे आली आणि त्यांनी नळ बंद केला. हंगाम भरात होता, पण गच्ची ओस पडली.

एके दुपारी मालक धापा टाकत बुरुजावर आला. "ताई, नळ बंद झाला. आता तरी हिचं तोंड फिरवा."

"तुम्हीच फिरवा," ताई म्हणाल्या.

मला जागी घट्ट धरणारा पेच कसा सोडवायचा हे त्याला ठाऊक नव्हते. रांगेतल्या माणसांसमोर तो घामाघूम होऊन मला पिळत राहिला, आणि मी तसूभरही हलले नाही. ताई डबा उघडून सावकाश जेवायला बसल्या.

मित्रांनो, वस्तू जपा, आणि त्या जपणाऱ्या माणसांना तर त्याहून जपा. माफ करायलाही शिका. मला ते कोणी शिकवले नाही. मालक मान खाली घालून उतरू लागला, तेव्हा ताईंनी माझा पेच एका बोटाने सैल केला, आणि तो पायथ्याशी पोहोचेपर्यंत आम्ही दोघी त्याला बघत राहिलो.