ट्रकच्या अंगात वारं

तवंदी घाटाच्या माथ्यावर शामूची चहाची टपरी आहे. १९८६ सालच्या उन्हाळ्यात दर शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास तिथं दोन-तीनशे माणसं जमायची. हातात नारळ, ऊद, झेंडूची फुलं. वाट बघायची ती एका ट्रकची.

ट्रक बोरगावच्या आण्णासाहेबांचा. तंबाखूच्या बोदांनी, म्हणजे मोठ्या गाठोड्यांनी, भरलेला, धापा टाकत घाट चढून यायचा. इंजिन बंद व्हायचं. ड्रायव्हर खाली उतरून चावी ताटात ठेवायचा. मग गर्दीतून रवळूबुवा पुढे येई. गळ्यात देवीच्या कवड्या, कपाळभर हळद.

"इंजन बंद," बुवा म्हणायचा. "चावी ताटात, डायवर खाली. बॉनेटला आईची हिरवी चोळी बांधलीया, हात कुणाचा न्हाय. आता बघा, ऊद कोण पितंय ते."

मिनिट, दीड मिनिट शांतता. मग आतून घरघर सुरू व्हायची आणि बुवाच्या हातातल्या उदाचा धूर सरळ रेडिएटरमध्ये ओढला जायचा. बायका पदर पसरायच्या. आमच्याकडे अंगात देव आला की 'वारं आलं' म्हणतात. वारं माणसाच्या अंगात येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, ट्रकच्या अंगात आलेलं पहिल्यांदाच बघत होते.

वारं आलं की कौल सुरू. बुवानं समोरची लोखंडी जाळी आधीच काढून टाकली होती. झेंडूची पाकळी तो उघड्या रेडिएटरला टेकवायचा. चिकटली तर आईचा होकार, पडली तर नकार. तंबाखूचा दर, मुलीचं स्थळ, विहिरीचं पाणी, आई कशालाही उत्तर द्यायची.

मी, निपाणीचा भुजबली, दर शुक्रवारी तिथं हजर असायचो. भक्तीनं नव्हे. माझ्या पोटात दुखत होतं म्हणून. आण्णासाहेबांनी आणि मी एकाच दिवशी, एकाच कंपनीचे ट्रक घेतले होते, अठरा वर्षांपूर्वी. त्यांचा घाट चढायचा, माझा अर्ध्या घाटात उकळायचा. वारं आल्यापासून तर व्यापारी म्हणायला लागले, "भुजबली, तुमची गाडी चांगली हाय हो, पण त्यांच्या गाडीत देव हाय." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांच्या गाडीचा एकेक नट मला पाठ झाला होता.

त्यात एके दिवशी माझी बायको राजमती मला न सांगता कौल लावून आली.

"गाडी ठिवायची का विकायची, असं इचारलं," ती म्हणाली. "ठिवायची पाकळी पडली. विकायची चिकटली."

"आणि घेणार कोण?"

"आण्णासाहेब. बुवानं तिथंच सांगितलं. म्या आईम्होरं बोलून आलोय, पुढच्या शुक्रवारी गाडी त्येंच्या दारात लावायची. बोललेलं मोडलं तर घरावर काय येईल ते मला सोसायचं न्हाय."

माझ्याजवळ त्या गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि ती जाणार होती नेमकी त्या माणसाकडे.

मी कांबळे बाईंकडे गेलो. बाई निपाणीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. त्यांचे वडील भरमू यांनी माझ्या गाडीत वर्षानुवर्षं बोदं भरली होती. भरमू गोडाऊनच्या दारात बसून मुलीचा अभ्यास घ्यायचे, स्वतःला अक्षर येत नसताना. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शाळेतल्यासारखे प्रश्न सुरू केले.

"वारं सकाळी येतं का?"

"न्हाय. सकाळी आई निजलेली असती म्हणं."

"गाडी रिकामी आली तर?"

मी आठवलं. गाडी एकदा रिकामी आली होती, त्या दिवशी पाऊण तास ऊद जाळूनही आई आली नव्हती. बुवानं कुणाचा तरी विटाळ काढला होता.

"पाकळी कुठं चिकटते?"

"रेडिएटरला."

"रेडिएटरला कुठं, काका?"

मी डोळे मिटले. मत्सराचा एक फायदा असतो, माणूस नीट बघतो. "डाव्या अंगाला," मी म्हणालो. "चिकटलेली सगळी डाव्या अंगाला. पडलेली उजव्या."

"म्हणजे कौल आईचा नाही, बुवाच्या हाताचा आहे," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी मी येते. राजमतीआक्कांनाही आणा."

शुक्रवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. माझी गाडी हस्तांतरित होणार ही बातमी फुटली होती. आण्णासाहेब पांढरंशुभ्र धोतर नेसून आले होते, माझ्याकडे बघून हसले. ट्रक आला, वारं आलं, धूर ओढला गेला. आठ-दहा मिनिटांनी घरघर थांबली तसा बुवा हात जोडून म्हणाला, "आई गेली."

"आई गेली आसंल तर घर रिकामं हाय," राजमती पुढे होत म्हणाली. हे तिला बाईंनी शिकवलं नव्हतं. "माझी गाडी जातीया तिच्या सांगण्यावरनं. मला तिची जागा बघू द्या."

बुवा म्हणाला, चोळी सोडली तर डोळे जातील. राजमती म्हणाली, "जाऊ द्यात की माझे." आणि तिनं गाठ सोडली. बॉनेट मी उचललं.

बाई मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या गाडीत नाही असं हिच्यात काय आहे?"

हा प्रश्न निपाणी भागात माझ्याइतका कुणालाच सुटला नसता. रेडिएटरच्या मागे, डाव्या अर्ध्या भागावर, एक काळा पंखा बसवलेला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा वेगळा, हा विजेचा, कुठल्या तरी परदेशी मोटारीचा. त्याच्या वायरी थेट बॅटरीकडे गेल्या होत्या. आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीला बाहेरून एक पितळी बटण आवळून बसवलं होतं.

बाईंनी ते पान्यानं सोडवायला लावलं. वायरीसकट ते बाहेर लोंबू लागलं. शामूच्या चुलीवर चहाचं पाणी खळखळत होतं, ते पातेलं बाईंनी गाडीपाशी मागवलं आणि बटण त्यात बुडवलं. थोड्या वेळानं घरघर सुरू झाली. पंखा फिरू लागला.

बाईंनी बटण काढून माठातल्या पाण्यात धरलं. पंखा थांबला. परत उकळत्या पाण्यात. परत फिरला.

"गरम पानी, आई आली. गार पानी, आई गेली," शामू म्हणाला. कुणीतरी हसलं आणि मग सगळा घाटमाथा हसू लागला.

बाईंनी समजावून सांगितलं. भरलेली गाडी घाट चढून तापते. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं आणि दीडेक मिनिट आणखीच तापतं. तेवढ्यात बटण पंखा चालू करतं, निवलं की बंद करतं. त्याला चावी लागत नाही. पंखा लहान, अर्ध्याच रेडिएटरपुरता, म्हणून पाकळी अर्ध्यातच चिकटते. तोवर बुवा आपलं ताट घेऊन घाट उतरायला लागला होता.

आण्णासाहेब खाली मान घालून म्हणाले, "गोव्यात बसवून घेतला. पैल्यांदा आपोआप फिरला तवा डायवर पळून गेला. बुवा म्हणाला ही आई हाय. मीबी न्हाय म्हणालो न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हणालो, "मला तसले दोन पंखे बसवायचेत. त्येंच्यापेक्षा मोठे."

"आधी तुमची गाडी का उकळते ते बघू," बाई म्हणाल्या.

रेडिएटर उतरवला. त्याच्या फटींत अठरा वर्षांची तंबाखूची धूळ घट्ट बसली होती. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. धुतल्यावर गाडी पंख्याशिवाय घाट चढली. विजेचा पंखा घ्यायचाच झाला तर तो रेडिएटर झाकेल एवढा हवा, इंजिनाच्या बाजूनं ओढणारा हवा, आणि जुन्या डायनामोला पेलवणारा हवा. शेजाऱ्याच्यापेक्षा मोठा हवा, हे त्यात कुठं बसत नाही.

राजमती महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिला बुवाचा राग होता, माझाही होता. एकदा भाकरी थापताना म्हणाली, "पाकळी आपल्या बाजूनं चिकटली आसती तर तुमी बाईंकडं गेला आसता व्हय?"

मी गेलो नसतो. नारळ घेऊन पहिल्या रांगेत उभा राहिलो असतो, आण्णासाहेबांचं तोंड उतरलेलं बघत, आणि कुणी संशय घेतला असता तर त्याला नास्तिक म्हटलं असतं. माझी गाडी वाचली ती माझ्या अकलेनं नव्हे, कौल विरुद्ध गेला म्हणून. लोकहो, न आवडलेला चमत्कार कुणीही तपासतं. ज्या दिवशी आपल्याला हवा तसा कौल मिळेल, त्या दिवशी तो दुप्पट तपासा.