दोन नंबरची खोकी

आटपाडीकडच्या आकारामच्या बागेत डाळिंबं भरायचं काम त्याच्या बायकोचं, दगडाबाईचं. बारा वर्षं तिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. सत्त्याण्णव साली शेती कॉलेजातली ज्ञानदा आली. बागेतून सांगलीला पोचेपर्यंत किती फळ वाया जातं, ते तिला मोजायचं होतं. दगडाबाईनं भरलेल्या खोक्यांना तिनं एक नंबरची चिठ्ठी बांधली, तिच्या जोडीला भरणाऱ्या धाकट्या जावेच्या, राणीच्या खोक्यांना दोन नंबरची.

सांगलीत खोकी उघडली. शंभरातली दगडाबाईची अठरा डाळिंबं खराब निघाली, राणीची सहा.

"राणीचा हात लय हलका हाय," आकाराम जेवताना म्हणाला. आपल्याबद्दल तो असं कधी बोलल्याचं दगडाबाईला आठवेना. तिनं अर्धी भाकरी ताटातच टाकली.

पुढचे चार दिवस राणीचं हसणंसुद्धा तिला खुपत राहिलं. दुसऱ्या खेपेला टेम्पो भरायच्या आधी, सगळे चहाला गेले असताना, तिनं चिठ्ठ्या सोडल्या आणि अदलाबदल करून बांधल्या.

या वेळी राणीच्या नावावर एकोणीस आली, दगडाबाईच्या नावावर सात. राणीचा नवरा मल्हार तिला म्हणाला, "तुझं काय खरं न्हाई. उद्यापास्नं खुरपायला जा." राणी नुसती आपल्या हातांकडं बघत बसली. दगडाबाईला दोन दिवस बरं वाटलं.

मग ज्ञानदा म्हणाली, "दगडाबाई, रविवारी शेजारच्या वस्तीवरच्या बायका येतील. तुम्ही काय बदललंत ते त्यांना दाखवा."

रविवारी पंधरा बायका गोल करून बसल्या. राणीही मागं येऊन बसली. दगडाबाईनं खोक्यात कागदाचं कात्रण पसरलं आणि नेहमीसारखी फळं लावली. पहिलाच थर झाला तशी शालूबाई नावाच्या बाईनं विचारलं, "आवं, देठ किती ठेवायचा? लांब देठ दुसऱ्या फळात घुसतोय की."

दगडाबाई कायम देठ लांब ठेवायची, माल ताजा दिसतो म्हणून. राणी काय करते हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिचे हात थांबले.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "राणीला इचारा. मागच्या खेपेला चिठ्ठ्या मीच बदलल्या."

ज्ञानदानं वही काढून त्या खेपेवर काट मारली. राणी उठली, खोक्यापाशी बसली आणि कात्रीनं देठ फळालगत कापू लागली. थोड्या वेळानं वर न बघताच म्हणाली, "आक्का, देठाची बाजू खाली नगं. फळ आडवं ठिवा."

जावेचं ऐकताना दगडाबाईचे कान तापले, पण तिनं फळ आडवं ठेवलं.

तिसऱ्या खेपेत राणीची सहा फळं खराब निघाली, दगडाबाईची नऊ. "अठरावरून नऊवर आलात, निम्मं नुकसान वाचलं," ज्ञानदा खुशीत म्हणाली. आकारामही हसला. दगडाबाईनं मान हलवली, पण तिच्या डोक्यात फक्त ती तीन जास्तीची फळं घोळत होती.

राणी पुन्हा खोकी भरायला लागली. मात्र हंगाम संपेपर्यंत ती दगडाबाईशी कामापुरतंच बोलली.