पाळी गावच्या रंजनाचा पेंडिंग फोटो

श्रीनाथच्या घरचा सकाळचा चहा रोज थंड होत असे. गोव्यात डिचोलीतल्या एका कचेरीत कारकून असलेला हा गृहस्थ मूळचा पेडण्यातल्या कोरगावचा. माणूस तसा वाईट नव्हे. पण 'नितळ नजर' नावाच्या ऑनलाइन फोटो-ग्रुपचा तो अॅडमिन झाला, आणि कचेरीत कधी साहेब होता आलं नाही त्याचं सगळं उट्टं त्याने तिथे काढलं! ग्रुपमध्ये टाकलेला प्रत्येक फोटो आधी त्याच्याकडे येई. त्याने मान डोलावली तर तो सगळ्यांना दिसे, नाहीतर 'पेंडिंग' म्हणून पडून राही. आणि पहिला फोटो मंजूर होईपर्यंत नव्या सदस्याला इतरांचे फोटोही दिसत नसत.

"अहो, चाय थंड जाली," सुविधा म्हणाली. ती त्याची बायको, पाळी गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. "आयज कितल्यांक भायर काडले?"

"पांच जाणांक. मोबायलाचे फोटो घालतात आनी छायाचित्रकार म्हूण मिरयतात!"

"आनी रंजनाचे? म्हज्या वर्गातल्या पूनमाची आवय ती. तीन म्हयने जाले, रोज म्हाका विचारता."

"ती घाटी? रांव दी थंयच."

घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसाला आपण गोव्यात किती सहज हा शब्द चिकटवतो! रंजना गडहिंग्लजकडची. नवरा बांधकामावर, ती कारखान्यात पॅकिंगला, आणि पाळीत भाड्याची एक खोली. मोबाइलची काच तडकलेली, पण नजर देवाने सढळ हाताने दिलेली. सुविधानेच तिचे फोटो पाहून तिला ग्रुपचं नाव सांगितलं होतं.

त्या दिवशी श्रीनाथने सहज तिचा एक फोटो उघडला. बंद खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याकाठी दोन बायका ओली साडी दोन टोकांनी पिळत होत्या आणि अंगावर उडणाऱ्या थेंबांत खळखळून हसत होत्या. मागे तांबडी माती, कडेला पंपाची मोडकी खोली. श्रीनाथ बघतच राहिला. मग त्याने तो मंजूर केला असेल? छे! फोटो तसाच ठेवला आणि रविवारी आपला हातभर लेन्सचा कॅमेरा घेऊन स्वतःच पाळीला गेला.

पंपाच्या खोलीवरून जागा लगेच सापडली. झाडाआड उभा राहून त्याने साडी पिळणाऱ्या बायका टिपल्या. एकीने अचानक थेट त्याच्याकडे पाहिलं, नेमका तोच फोटो त्याने ग्रुपवर टाकला आणि वर नाव दिलं 'श्रमाची वेदना'. 'काय ते डोळे!', 'पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख!' असे शेरे आले. कोणीतरी त्यावर कविताही केली.

महिन्याभराने डिचोलीत एका सभागृहात ग्रुपचं प्रदर्शन भरलं. दारासमोरच ती 'वेदना' टांगलेली, चांगली पुरुषभर उंचीची. सुविधाने रंजनाला मुद्दाम सोबत आणलं होतं. दारावर ग्रुपचा विशाल उभा होता. त्याने हात आडवा केला.

"वहिनी, तुमी येयात. आयज फकत फोटो मंजूर जाल्ल्या सदस्यांक. ही कोण?"

रंजनाने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि ती थिजलीच. समोरच्या भिंतीवर ती स्वतः होती.

"मग ती कोन हाय?" तिने बोट दाखवलं.

विशालने वळून पाहिलं, पुन्हा हिच्याकडे पाहिलं. त्याचा हात खाली आला. आत श्रीनाथ पाहुण्यांना त्या डोळ्यांतली वेदना समजावून सांगत होता.

"वेदना कसली वो सर?" रंजना त्याच्यासमोर जाऊन म्हणाली. "रागानं बघतीया मी! वळख न्हाई, पाळख न्हाई, झाडाआडनं कोन फोटू काढतोय म्हनून!" तिने मोबाइल पुढे धरला. तीच जागा, तशीच साडी, तारीख मात्र कितीतरी आधीची. "ह्या माज्या मैतरनी. बगा कशा हसत्यात. फोटूत आमी चालतोय, आन् आमी काढल्याला फोटू चालत न्हाई व्हय?"

"मोबायलाचे फोटो घेनात असो नेम आसा आमचो..." श्रीनाथ पुटपुटला.

"नेम?" सुविधाचा आवाज चढला. "मोबायलाच्या फोटोंतल्यान तुमी जागो सोदलो, तेन्ना खंय गेल्लो नेम? कॅमेरो व्हड आसलो म्हूण मनीस व्हड जायना. तिका दारार रावोवपाचें आनी तिचेंच चोरपाचें, हाका कला म्हणनात!"

श्रीनाथची मान खाली गेली. चारचौघांसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हात जोडले. "रंजनाताई, म्हजी चूक जाली. आताच सगळे फोटो घेतां."

"नको सर. चार म्हैनं रोज उटून बगितलं, आज तरी घेतला आसंल म्हनून. आता ऱ्हाऊ द्या. माजं त्वांड तेवडं भित्तीवरनं उतरवा."

त्याने आपल्या हातांनी तो फोटो उतरवला. रंजना थांबली नाही. बसस्टँडवर पोचायच्या आतच तिने ग्रुप सोडला होता.

श्रीनाथने झालेलं सगळं, स्वतःची चोरीसुद्धा, ग्रुपवर लिहिलं. मोबाइलची बंदी काढली, आणि न विचारता कोणाचा फोटो काढायचा नाही असा नियम घातला. दोनशेजण ग्रुप सोडून गेले. जाताजाता एकाने लिहिलं, 'बसा आता घाट्यांना घेऊन!' आयुष्यभर सहज वापरलेला तो शब्द श्रीनाथला त्या दिवशी पहिल्यांदा बोचला. त्याने रंजनाला चारदा बोलावणं पाठवलं. उत्तर आलं नाही.

शेवटी सुविधाने वर्गात पूनमला विचारलं, "आई हल्ली कसले फोटो काढते गं?"

"आई आता फोटू काडतच न्हाई, बाई," पोर म्हणाली.

नागरिकहो, माफी मागितली की मागणाऱ्याचं मन हलकं होतं. ज्याचं गेलं त्याचं परत मिळतंच असं नाही. गाव, बोली आणि हातातलं यंत्र पाहून माणसाला बाहेर उभं करायचं, आणि त्याच्याच जगण्यावर टाळ्या घ्यायच्या, ही चोरीच आहे. तुमच्यापैकी जो कोणी अशा एखाद्या दाराचा राखणदार असेल, त्याने हे वाचून झाल्यावर आधी पाहावं, बाहेर कोण थांबलंय आणि आपण त्याला का थांबवलंय. उद्या नको, आजच पाहावं. माणसं कायम थांबत नाहीत!