समोर धुतला

पंपाचं बाजूचं झाकण निघालं तसा आतला पांढराशुभ्र पडदा दिसला, आणि अब्बास शेख हसले. "नुसत्या पाण्यासाठी टेफ्लॉनचा पडदा! गिऱ्हाईक हौशी दिसतंय, बेटा."

समोर बसून ललिता हवेचा व्हॉल्व्ह पुसत होती, ती पुसतच राहिली. त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच थांबलं असतं, हे पुढे कितीतरी दिवस तिच्या मनातून जाईना.

अंबडच्या एमआयडीसीतल्या त्या गाळ्यात दोघंच काम करायची. अब्बासचाचा अठ्ठावन्न वर्षांचे, एका मोठ्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून घालवलेले. ललिता सुरगाण्याची, आयटीआय करून सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आली आणि तिथंच राहिली. काम एकाच तऱ्हेचं. हवेवर चालणारे डायफ्राम पंप खोलायचे, झिजलेलं बदलायचं, पुन्हा जोडून द्यायचे. या पंपाला मोटर नसते. आत दोन पडदे असतात, दाबाची हवा त्यांना आळीपाळीनं ढकलते आणि पडद्यापुढचं पाणी, रंग, जे काही असेल ते रेटलं जातं. पडदा फाटला की तेच मागे, हवेच्या बाजूला शिरतं आणि पंप अडतो. विजेचं भय नाही म्हणून लोक यातून चिखलापासून ॲसिडापर्यंत वाटेल ते ओढतात. म्हणून चाचांचा एक नियम होता. पंप आणताना त्याला चिठ्ठी बांधायची. आतून काय जात होतं ते लिहायचं, आणि आपल्या डोळ्यांदेखत धुतला असेल तरच 'समोर धुतला' लिहायचं. चिठ्ठीवर 'पाणी' आणि 'समोर धुतला' दिसलं की चाचा उघड्या हातांनी काम करायचे. हातमोज्यांत आटे कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

या पंपाच्या चिठ्ठीवर दोन्ही होतं. अक्षर ललिताचं होतं.

आदल्या दिवशी ती सिन्नरकडच्या एका कारखान्यात पंप आणायला गेली होती. तिथं स्टीलच्या मोठ्या टाक्या बनत. उपेंद्र नावाच्या सुपरवायझरनं पंप आधीच दारात आणून ठेवला होता.

"आतून काय जायचं, साहेब?"

"टाक्या धुतलेलं पाणी. धुवून ठेवलाय पंप."

"माझ्यासमोर एकदा पाणी फिरवता का? आमच्याकडे तसं..."

"मॅडम, असे दहा पंप आहेत आमच्याकडे. पाण्याची लाइन बंद आहे आत्ता. न्यायचा नसेल तर राहू द्या, दुसरे नेतील."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. हे गिऱ्हाईक मिळावं म्हणून चाचांनी महिनाभर खेटे घातले होते. ललितानं टेम्पोत बसल्या बसल्या मांडीवर चिठ्ठी लिहिली. तीनच शब्द. लिहिताना तिला फारसं काही वाटलंही नव्हतं.

आता चाचांनी मधली चकती धरून पडदा फिरवला. कडेला बोटभर चीर होती. पडदा सुटला आणि त्याच्या मागून, हवेच्या बाजूनं, कपभर पाणी भसकन बाहेर आलं. चाचांच्या उजव्या हाताच्या बोटांवरून ते टेबलावर सांडलं. दोन थेंब चष्म्यावर उडाले.

"चाचा, हात धुवा!" ललिता ओरडलीच.

"अगं, पाणी तर आहे." त्यांनी बोटं नाकाशी नेली. "जरा आंबूस वास येतोय. चुरचुरत नाही काही." तरी ती उठून उभीच राहिली, म्हणून त्यांनी नळाखाली हात धरल्यासारखं केलं, फडक्याला पुसला आणि परत कामाला बसले.

ललितानं मनाची समजूत घातली. ॲसिड असतं तर एव्हाना हात भाजला असता. फोड आले असते. चाचा तर गुणगुणत होते. ती व्हॉल्व्हचे रबरी ओरिंग काढू लागली, पण नजर सारखी त्यांच्या बोटांकडे जात होती. बोटं जशीच्या तशी होती.

अर्ध्या तासानं चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. "हा डाग का जात नाही? बघ बरं तू."

प्लास्टिकला ओरखडे पडतात म्हणून चाचा हट्टानं काचेचाच चष्मा वापरायचे. ललितानं तो साबणानं धुतला. नखानं खरवडला. डाग जाईना. तो काचेच्या वर नव्हताच. उडालेल्या थेंबाएवढी काच दुधी झाली होती, बोट फिरवलं की खरखरीत लागत होती.

काच खाणारं ॲसिड असतं, हे तिला चाचांनीच सांगितलं होतं. जुन्या कारखान्यात स्टील चकचकीत करायला ते वापरायचे. मनमाडचा दिनेश नावाचा वेल्डर होता. त्याच्या हातावर ते सकाळी सांडलं, दिवसभर त्याला काही झालं नाही, जेवला, हसला, आणि संध्याकाळी घरी ओरडत लोळायला लागला. दोन बोटं काढावी लागली. चाचा ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी आवाज खाली यायचा त्यांचा.

"चाचा," ती म्हणाली. "पंप धुताना मी बघितला नाही."

"म्हणजे?"

"चिठ्ठीवर खोटं लिहिलं मी. त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. आत काय होतं मला माहीत नाय. हा चष्मा बघा."

चाचांनी चष्मा दाराच्या उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. चेहरा उतरत गेला. "दिनेश," एवढंच ते म्हणाले आणि जाऊन नळ पूर्ण सोडला.

ते हात धूत होते तोवर ललितानं ॲसिड मारायला टेबलावर चुन्याची पिशवी रिकामी केली, पंपावर ताडपत्री टाकली आणि स्कूटर काढली. पाथर्डी फाट्याजवळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत चाचा मागे बसून बाटलीतलं पाणी बोटांवर ओतत होते. मध्ये एकदा म्हणाले, "अजून काही दुखत नाही, बेटा." तिला धीर देत होते की स्वतःला, कळेना. पण ते ऐकून तिला रडूच आलं. न दुखणं हीच तर भीती होती.

डॉक्टर आभा तरुण होत्या. त्यांनी भिंग घेऊन बोटं पाहिली. "वरून तर काहीच नाही. नक्की कोणतं ॲसिड?"

"काच खाणारं."

"नाव सांगा. नावाशिवाय मी काय देऊ?"

ललितानं उपेंद्रला फोन लावला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा त्यानं उचलला. "पाणीच होतं, सांगितलं ना तुम्हाला."

"साहेब, मी दवाखान्यात आहे. मला भांडायचं नाही. माझ्या चाचांचा हात आहे हो हा. एक शब्द सांगा फक्त."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत राहिला. मग उपेंद्र अगदी हळू म्हणाला, "पिकलिंगचं आहे, स्टील चकचकीत करायचं. नायट्रिक आणि एचएफ. माझं नाव नका घेऊ." फोन बंद झाला.

एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड, हे नाव ऐकताच आभा खुर्चीतून उठल्या. त्यांनी कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, ऐकत ऐकत कागदावर लिहिलं आणि तो ललिताच्या हातात दिला. "कॅल्शियमची इंजेक्शनं. खाली मेडिकलमधून. पळा."

ती पळाली. आभांनी इंजेक्शनं सोनोग्राफीच्या जेलीत कालवली, ती रबरी मोज्यात भरली आणि चाचांचा हात त्यात घातला. छातीला तारा लावल्या. "हे कातडीवर थांबत नाही," त्या म्हणाल्या. "आत उतरतं, रक्तातलं, हाडातलं कॅल्शियम खातं. जास्त गेलं असेल तर हृदयाचे ठोके चुकतात. आज यांना सोडणार नाही मी."

तीनच्या सुमारास दुखणं आलं. आधी चाचा नुसते गप्प झाले. मग डाव्या हातानं त्यांनी पलंगाची कड धरली, आणि मग त्यांच्या घशातून जो आवाज आला तो ललितानं सहा वर्षांत ऐकला नव्हता. हाडात कुणी खिळा ठोकतंय, असं ते म्हणत होते. आभांनी बोटांच्या टोकांत बारीक सुईनं कॅल्शियम सोडायला सुरुवात केली. तेवढ्यात चाचांची बायको कौसरचाची आली. तिनं ललिताला जवळ घेतलं. "तू होतीस म्हणून, बेटी. एकटे असते तर आलेच नसते."

नेमकं तेव्हाच आभांनी मान वर न करता विचारलं, "ॲसिडचं काम, आणि मोजे कसे नव्हते यांच्या हातात?"

चाचांनी दातओठ खात ललिताकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, असं होतं ते. ललिताला वाटलं, गप्प राहिलं तर इथंच मिटेल. पाठीवर चाचीचा हात होता.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "पंप समोर धुतला असं मी लिहिलं होतं. धुतला नव्हता."

पाठीवरचा हात निघून गेला. चाची पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. ललिता यंत्रावरची ठोक्यांची रेघ बघत भिंतीला टेकून राहिली. रेघ जरा वाकडी गेली की ती आभांना हाक मारायची. सातच्या पुढे चाचांना झोप लागली, आणि आभा म्हणाल्या, "ठोके ठीक आहेत. जाऊन काहीतरी खा आता."

बोटं वाचली. मधल्या बोटाचं नख गेलं आणि त्याच्या टोकाला स्पर्श कळेनासा झाला. आठवड्यानं ललिता घरी भेटायला गेली तेव्हा चाचा पट्टी बांधून ओट्यावर बसले होते.

"ऐक," ते म्हणाले. "पडदा फाटलेला असला की पुढून कितीही धुवा, मागे राहतंच. हे मला ठाऊक होतं. ॲसिडासाठी घालतात तो टेफ्लॉन बघून हसलो मी, विचार नाही केला. चूक माझीपण आहे."

"पण चिठ्ठी खरी असती तर मोजे घातले असते तुम्ही."

चाचांनी पट्टीचा हात मांडीवर घेतला. "हो," ते म्हणाले. "घातले असते." मग म्हणाले, "पंप गिऱ्हाईकाचा आहे. जोडून ठेव. पैसे नकोत, पण त्यांच्या दारात चालू पंप गेला पाहिजे. आणि पुन्हा त्यांचं काम घ्यायचं नाही."

पंप दहा दिवस चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवला होता. ललितानं तोंडावर ढाल लावली, कोपरापर्यंत जाड मोजे चढवले आणि एकेक भाग बाहेर काढला. पाण्याचा प्रत्येक थेंब तिला तोच वाटायचा. दर थोड्या वेळानं हात काढून ती बोटं निरखायची. काही नसायचं, आणि काही नसल्यानंच जास्त धडकी भरायची. नवा पडदा दांड्यावर बसवताना आटे तीनदा चुकले.

दारात कुणीतरी उभं होतं. कौसरचाची. दवाखान्यानंतर ती पहिल्यांदाच समोर येत होती. ललिता उठून उभी राहिली.

"हात दाखव," चाची म्हणाली.

ललितानं मोजे काढले. चाचीनं दोन्ही हात उजेडात धरून एकेक बोट दाबून पाहिलं, नखं पाहिली, तळवे उलटे करून पाहिले.

"सोमवारपासून येणार म्हणतात ते," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. मोजे घातल्याशिवाय पान्याला हात लावू देऊ नकोस त्यांना."

"नाही देणार, चाची."

चाची वळली आणि रिक्षाकडे गेली. ललितानं मोजे पुन्हा चढवले. मग तिनं दुसऱ्या बाजूचा पडदा उचलला.